उत्तर आलं नाही म्हणजे शत्रू नव्हे

सातारा जिल्ह्यात 'फौजी' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. सांगलीकडच्या गावांतही फौजेत गेलेली माणसं कमी नाहीत. आमच्या हॉस्टेलमध्ये दर दोन-तीन रूममागे एकीचे तरी वडील, काका किंवा दादा फौजेत असतात. त्यामुळे मेसमध्ये कधीकधी गप्पा क्षेपणास्त्रांवर जातात. अशाच गप्पांत एक प्रश्न निघाला आणि त्यावर वाचता वाचता हा लेख झाला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा मराठीत कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

प्रश्न असा होता : खांद्यावरून विमान पाडायचं क्षेपणास्त्र हातात असलेल्या जवानाला, समोरचं विमान आपलंच आहे हे कळतं कसं?

आधी त्या जवानाची अडचण बघू. रशियन 'इग्ला' किंवा अमेरिकन 'स्टिंगर' ही या जातीतली प्रसिद्ध नावं. 'इग्ला' आपल्या सैन्याकडेही आहे. वजन साधारण १५ ते १८ किलो, म्हणजे एक माणूस ते उचलून डोंगरावर नेऊ शकतो. पल्ला धरा ५ किलोमीटर. आता गणित करा. विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने येत असेल तर ते सेकंदाला २५० मीटर कापतं. म्हणजे ५ किलोमीटर संपायला फक्त २० सेकंद! एवढ्या वेळात बघायचं, ओळखायचं, ठरवायचं आणि डागायचं. आणि एकदा डागलं की संपलं. क्षेपणास्त्राच्या नाकातला सेन्सर इंजिनाची उष्णता शोधतो. त्याला झेंडा दिसत नाही. आपलं इंजिन आणि त्यांचं इंजिन दोन्ही गरमच असतात. म्हणून ओळखीचं सगळं काम ट्रिगर दाबायच्या आधी उरकावं लागतं.

पहिला उपाय म्हणजे डोळे. विमानं ओळखायला शिकवताना इंग्रजीत 'वेफ्ट' असा एक शब्द वापरतात : विंग, इंजिन, फ्युजलाज, टेल. पंख कुठे बसवलेत, इंजिनं किती आणि कुठे, धडाचा आकार कसा, शेपटी एक की दोन. मी आमच्या विंगमधल्या मुलींना विमानांच्या काळ्या सावल्या लॅपटॉपवर प्रत्येकी तीन सेकंद दाखवल्या. मिग-२१ नाकावरून पटकन ओळखू आलं, पण सुखोई-३० आणि मिग-२९ यांत जवळजवळ सगळ्यांचा घोळ झाला. दोघांनाही दोन इंजिनं, दोघांनाही दोन शेपट्या. आणि हे पंख्याखाली, बेडवर बसून! डोळ्यांवर सूर्य, खाली धूळ आणि छातीत धडधड असताना काय होत असेल?

दुसरा उपाय आपल्या ब्रँचचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा. त्याला आयएफएफ म्हणतात, 'आयडेंटिफिकेशन फ्रेंड ऑर फो', म्हणजे मित्र की शत्रू याची ओळख. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर एक प्रश्न पाठवायचा. विमानातला ट्रान्सपाँडर तो ऐकून १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. साध्या नागरी प्रकारात हे उत्तर चार आकडी कोड असतं. प्रत्येक आकडा ० ते ७, म्हणून एकूण कोड ८×८×८×८ = ४०९६. लष्करी प्रकारात प्रश्न आणि उत्तर दोन्ही गुप्त किल्लीने बांधलेले असतात आणि ही किल्ली ठरावीक वेळाने बदलते. स्टिंगरच्या जवानाच्या कमरेला अशीच एक पेटी असते आणि तिची वायर लाँचरला जोडलेली असते. बटण दाबलं की उत्तर आवाजाच्या रूपात कानात येतं.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला की! नाही. खरी गंमत इथेच आहे. नावात 'मित्र की शत्रू' असलं तरी हे यंत्र फक्त 'मित्र' एवढंच सांगू शकतं. शत्रू काही 'मी शत्रू' असं उत्तर पाठवत नाही. तो गप्प राहतो. पण ट्रान्सपाँडर बंद असेल, बिघडला असेल, किल्ली जुनी असेल, तर मित्रही गप्पच राहतो. गप्प राहण्याचा अर्थ यंत्र सांगत नाही, तो माणूस ठरवतो.

आपण डिजिटलच्या लॅबमध्ये हे बघितलेलं आहे. टीटीएल आयसीची एखादी इनपुट पिन मोकळी सोडली, तर आयसी तिला १ समजतो. कुणी १ दिलेला नसतो, तरी! म्हणून सर सांगतात, पिन मोकळी सोडू नका. पुल-अप किंवा पुल-डाउन रेझिस्टर लावा, म्हणजे सिग्नल नसताना काय समजायचं हे तुम्ही ठरवलेलं असेल, योगायोगाने नाही.

युद्धात या रेझिस्टरचं काम हुकूम करतो. बऱ्याच सैन्यांत तीन प्रकारचे हुकूम असतात. 'वेपन्स फ्री' म्हणजे जो आपला म्हणून ओळखला गेला नाही त्याच्यावर डागा. 'वेपन्स टाइट' म्हणजे जो शत्रू म्हणून पक्का ओळखला गेला त्याच्यावरच डागा. 'वेपन्स होल्ड' म्हणजे स्वतःवर हल्ला झाला किंवा खास हुकूम आला तरच. यंत्र तेच, समोरची शांतताही तीच. फक्त तिचा अर्थ बदलतो.

हा अर्थ चुकला की काय होतं? १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी आपलीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर्स पाडली. २६ माणसं गेली. हेलिकॉप्टरांना त्या भागाचा वेगळा कोड माहीतच नव्हता आणि वैमानिकांनी डोळ्यांनी बघून ती रशियन 'हाइंड' समजली. डोळे आणि यंत्र, दोन्ही उपाय एकाच वेळी फसले. मार्च २००३ मध्ये अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्राने ब्रिटनचं टोर्नेडो पाडलं, दोघे गेले. विमानातलं आयएफएफ निकामी झालं असावं आणि वैमानिकांना ते कळलं नसावं, असा निष्कर्ष निघाला.

आणि आपल्याकडे? २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सीमेवर विमानांची चकमक चालू असताना श्रीनगरहून निघालेलं हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळलं. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांमध्ये आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती मोठी चूक होती. हेलिकॉप्टरचं आयएफएफ बंद होतं आणि जमिनीवरच्या समन्वयातही त्रुटी होत्या, असं चौकशीबद्दलच्या बातम्यांत आलं. ते क्षेपणास्त्र खांद्यावरचं नव्हतं, गाडीवरच्या 'स्पायडर' यंत्रणेचं होतं. तिच्यामागे रडार होतं, तळ होता, फोन होते. तिथे हे झालं, तर डोंगरावर एकट्या उभ्या असलेल्या जवानाचं काम किती कठीण असेल याचा विचार करा.

म्हणून कुठलंही सैन्य एका उपायावर थांबत नाही. आपल्या विमानांना येण्याजाण्याचे ठरलेले मार्ग आणि ठरलेल्या उंच्या देतात, कुठली विमानं कधी येणार हे जमिनीवरच्या तुकड्यांना आधी कळवतात, उड्डाणाआधी आयएफएफ तपासतात. यातली बरीचशी कामं कंटाळवाणी आहेत. चेकलिस्ट, रेडिओ, वही. पण आपल्या माणसांचे जीव त्यांच्यावरच असतात.

मित्रमैत्रिणींनो, उद्या आपल्यापैकी कुणी डीआरडीओत जाईल, कुणी बीईएलमध्ये, कुणी एखाद्या कारखान्यात सेन्सर बसवेल. डिझाइन करताना आपण सगळे 'सिग्नल आला तर काय' याचा विचार करतो. 'सिग्नल आलाच नाही तर काय' हा रकाना रिकामा सोडू नका. तो आपण भरला नाही, तर ऐन घाईत दुसरं कुणीतरी भरतं, आणि त्याच्याकडे फक्त २० सेकंद असतात.