कपट नसलेला माणूस आणि कल्याणचं बंदर

आजचा उतारा: योहान १:४३-५१

आधी उतारा वाचून घ्या. नऊच वचनं आहेत, दहिसर ते अंधेरी आरामात दोनदा वाचून होतात (उभे असलात तरी).

फिलिप्प धावत येऊन नथनेलला सांगतो की ज्याची वाट बघत होतो तो सापडला, नासरेथचा येशू. नथनेल पहिल्या फटक्यात पत्त्यावरच अडकतो. नासरेथ? त्या खेड्यातून काय चांगलं येणार? फिलिप्प नासरेथची वकिली करत बसत नाही, चल आणि स्वतः बघ म्हणतो. मग येशू नथनेलला लांबून येताना बघतो आणि त्याच्याबद्दल एकच गोष्ट बोलतो: हा माणूस आतबाहेर एक आहे, याच्यात कपट नाही.

पहिल्या तीन शुभवर्तमानांत नथनेल हे नाव कुठेच नाही. तिथे बारा जणांच्या यादीत फिलिप्पाला लागून बर्थलमय येतो. योहानात उलटं आहे, नथनेल आहे पण बर्थलमय नाही. शिवाय बर्थलमय म्हणजे नुसतं तलमयाचा मुलगा, म्हणजे त्याला स्वतःचं वेगळं नाव असणारच. म्हणून दोघे एकच, असं परंपरेने धरलं जातं. मीही आज तसंच धरून चालतोय.

आता हा बर्थलमय आपल्या फोनमध्ये कसा आला ते सांगतो. आमच्या तरुणांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता. बर्थलमय कल्याणला उतरला, इथे मंडळी स्थापन केली, अगदी साल-महिन्यासकट. एका मुलाने विचारलं, "दादा, हे खरंय ना? मला ऑफिसात दाखवायचंय." त्याला कँटीनमध्ये कुणीतरी हसत हसत म्हणालं होतं, तुमचा देव पोर्तुगीजांनी जहाजातून आणला. तो काही बोलू शकला नव्हता. आणि असं हसत हसत बोललेलं जास्त लागतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

म्हणून या प्रश्नाच्या मुळाशी जाऊया. तिथे पँटीनस नावाचा एक विद्वान भेटतो. दुसऱ्या शतकाच्या शेवटी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ख्रिस्ती शिक्षणाची प्रसिद्ध शाळा होती, तिचा हा प्रमुख. आधी स्टोइक तत्त्वज्ञ, मग ख्रिस्ताचा अनुयायी. त्याचं स्वतःचं एकही पुस्तक आज उरलेलं नाही, पण त्याचा विद्यार्थी क्लेमेंट उरला. या क्लेमेंटच्या लिखाणात चक्क बुद्धाचा उल्लेख येतो, पाश्चात्त्य जगातल्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी एक. म्हणजे भारताच्या बातम्या त्या शहरात पोचत होत्या.

युसेबियस हा मंडळीचा इतिहासकार लिहितो की पँटीनस भारतापर्यंत गेला, असं म्हणतात. तिथे त्याला ख्रिस्ताला ओळखणारे लोक भेटले. त्यांच्याकडे मत्तयाचं शुभवर्तमान इब्री अक्षरांत होतं आणि ते बर्थलमयाने ठेवून दिलेलं होतं. पुढे जेरोम भर घालतो: भारतातून आलेल्या दूतांनी विनंती केली, म्हणून अलेक्झांड्रियाचा बिशप दिमेत्रियस याने त्याला पाठवलं.

मी रोज ऑफिसात लॉग वाचतो. पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की ही ओळ कुणी लिहिली आणि कधी. युसेबियसने ही ओळ चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली, म्हणजे प्रवासानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. आणि 'असं म्हणतात' हे शब्द माझे नाहीत, त्याचेच आहेत. दुसरी अडचण 'भारत' या शब्दाची. त्या काळचे ग्रीक-रोमन लेखक इथिओपिया आणि दक्षिण अरबस्तानालाही सर्रास भारत म्हणून टाकत. त्यामुळे पँटीनस येमेनला गेला असेल, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. कल्याणच्या बाजूने बोलणारेही आहेत. येशूसंघाचे फादर पेरुमलील यांनी बर्थलमयाचा प्रवास इकडच्या किनाऱ्याशी जोडून दाखवायचा मोठा प्रयत्न केला. निकाल मात्र लागलेला नाही.

एवढी माहिती मी ग्रुपला दिली तर सगळे गप्प झाले. म्हणून पुढच्या शनिवारी एक गोष्ट लिहून नेली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही कल्पना आहे.' इथेही तसंच समजून वाचा.

*

कोप्टसपासून वाळवंटात बारा दिवस उंटावर, मग बेरेनिके बंदर, मग पावसाळी वाऱ्यावर सोडलेलं जहाज. कल्याणच्या खाडीत उतरला तेव्हा पँटीनसचे पाय जमिनीवरही डुलत होते. त्याच्या पेटीत पुस्तकं होती आणि डोक्यात पहिल्या वर्षाचा पूर्ण अभ्यासक्रम तयार होता.

दुभाष्याने त्याला एका व्यापाऱ्याच्या घरी नेलं. शेजारचा सोनार कान्हेरीच्या भिक्षूंसाठी पाण्याचं टाकं खोदवून देत होता, त्याचीच चर्चा ओटीवर चालली होती. आतून म्हातारी आली. तिने तेलकट कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्यापुढे ठेवलं.

पँटीनसने पहिलं पान उघडलं. अक्षरं इब्री. तो अडखळत, एकेक अक्षर जुळवत वाचू लागला. पहिलीच ओळ नावांची. मग आणखी नावं.

"हे वाचता येतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"आता कुणालाच येत नाही," म्हातारी म्हणाली. "वाचणारे होते ते गेले. पण ऐकलेलं आहे."

आणि तिने डोळे मिटून, आपल्या बोलीत, तीच नावं म्हणायला सुरुवात केली. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. पँटीनसचं बोट पानावर तिच्या मागे मागे सरकत होतं. राहाब आली तेव्हा ती थांबली. रूथ आली तेव्हा पुन्हा थांबली.

"इथे का थांबता?"

"या दोघी बाहेरच्या," ती म्हणाली. "आमच्यासारख्या. म्हणून इथे जरा थांबायचं, असं आम्हाला शिकवलंय."

अलेक्झांड्रियाच्या आचार्याने पेटीचं झाकण तसंच बंद ठेवलं. त्या दिवशी त्याने काही शिकवलं नाही.

*

आता यातलं माझं किती आणि नोंदीतलं किती, ते वेगळं करतो. म्हातारी माझी आहे. तिचं थांबणं माझं आहे. पँटीनसला इब्री अडखळत येत होतं, हेही माझंच. त्याचं जहाज कल्याणलाच लावलं, तेही मीच. पण बारा दिवसांचा उंटाचा रस्ता प्लिनीने नोंदवलाय. पावसाळी वाऱ्यांवरचा व्यापार पक्का आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल अशी ओळीने बंदरं येतात. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही त्यात आहे. कान्हेरीच्या भिंतींवर कल्याणच्या दात्यांची नावं आजही कोरलेली आहेत, आणि तिथलं मोठं चैत्यगृह दुसऱ्या शतकातलं, म्हणजे पँटीनसच्याच शतकातलं. दहिसर नदी तुळशी तलावातून निघते, त्याच डोंगरात. म्हणजे हा काळ आपल्याला जितका परका वाटतो तितका नाही, आपल्या मागच्या जंगलातच तो कोरून ठेवलाय. आणि राहाब-रूथ खरोखरच मत्तयाच्या पहिल्या पानावर आहेत, १:५ बघा.

त्या मुलाला मग काय सांगायचं? मी त्याला कॉस्मस दिला. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी, त्याने साधारण ५५० च्या सुमारास लिहून ठेवलंय की कल्याणात पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. हे ठिकाण म्हणजे आपलंच कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज यायच्या सुमारे साडेनऊशे वर्षं आधीची ही गोष्ट. हे कँटीनमध्ये बिनधास्त सांग म्हटलं. बर्थलमयाचं सांगायचं तर युसेबियससारखं सांग, 'असं म्हणतात' जोडून.

आणि पोर्तुगीजांचं लपवू नकोस, हेही म्हटलं. आय. सी. कॉलनीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत. मूळ शिवाची, सोळाव्या शतकात त्यांचं चर्च केलं गेलं. आत एका शिल्पपटावर क्रूस कोरलेला आहे. तो क्रूस बघून मला अभिमान वाटत नाही, दुसऱ्याच्या पूजेच्या जागेवर कोरलाय तो. तरी आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची वाट त्याच काळातून येते. मला शंका आहे की बर्थलमयाचा फॉरवर्ड आपल्याला इतका आवडतो त्याचं एक कारण हे आहे: पहिल्या शतकावर उडी मारली की सोळावं बघावं लागत नाही.

इथे परत उताऱ्याकडे या. नथनेलने नासरेथवर शंका घेतली, तेव्हा फिलिप्पाकडे गावाचा दाखला मागायला भरपूर जागा होती. नासरेथ नव्हतं तर निदान बेथलेहेम होतं, दाविदाचं नगर, दणदणीत पत्ता. योहानाच्या या गोष्टीत बेथलेहेमचं नावही निघत नाही. नासरेथ नासरेथच राहतं आणि नथनेल तरीही येतो. ज्या माणसात येशूला कपट दिसलं नाही, त्याच्याच नावाने आपण साल-महिना बनवून फॉरवर्ड करावा, हे मला फार विचित्र वाटतं.

मुलाने दुसऱ्या आठवड्यात मेसेज केला. कँटीनमध्ये कॉस्मस सांगितला म्हणे. समोरच्याने विचारलं, "मग ते कल्याणवाले पुढे गेले कुठे?" त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, तसं त्याने सांगितलं, आणि दोघे चहा घ्यायला गेले.

आज करायला दोन गोष्टी. मत्तय १:१-१६ मोठ्याने वाचा, नावं गाळू नका. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको, चौघींपाशी एकेक श्वास थांबा.

उद्याचा उतारा योहान २:१-११, कानातलं लग्न. नथनेल त्याच काना गावचा, हे योहान २१:२ मध्ये जाता जाता कळतं. तेवढं वचन आधी बघून या.