पाइप, ट्यूब आणि होज

भिवंडी तालुक्यातील दापोडे परिसर गोदामांसाठी परिचित आहे. अशा ठिकाणी मागणीपत्रातील एक शब्द चुकला, तरी माल परत पाठविण्याची पाळी येते. पाइप, ट्यूब आणि होज यांना मराठीत सरसकट ‘नळी’ म्हटले जाते. अर्थ मात्र भिन्न आहेत.

पाइप मुख्यतः द्रव वा वायू वाहून नेण्यासाठी असतो. तालुक्यातून मुंबईकडे जाणाऱ्या तानसा जलवाहिन्या हे त्याचे ठळक उदाहरण. पाइपचे माप नाममात्र असते : १५ मिलिमीटरच्या पोलादी पाइपचा बाह्य व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो. ट्यूब मात्र नेमका बाह्य व्यास व जाडी सांगून मागवितात. सायकलचा सांगाडा ट्यूबचाच. होज लवचीक असतो. अग्निशमनासाठी तोच लागतो.

तेव्हा मागणी नोंदविताना शब्दासोबत मापाचा प्रकारही लिहावा.