विमान काय सांगते, पाटी काय सांगते

दिल्लीच्या पालम येथे भारतीय वायुसेनेचे संग्रहालय आहे. हरिकेन, स्पिटफायर, लायसँडर, तूफानी, मिस्टेअर, मरुत, मिग अशी कितीतरी विमाने तिथे जवळून पाहायला मिळतात. त्यांत एक विमान इतके लहान आहे की बरेच जण त्याच्यासमोर फारसे थांबत नाहीत. त्याचे नाव नॅट. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट.

आमच्या वर्गाची सहल तिथे गेली होती. परत आल्यावर वादविवादाच्या तासाला विषय ठेवला गेला, ‘संग्रहालयातील विमान हा युद्धाचा खरा साक्षीदार आहे.’ बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्या दोन्ही गटांनी नेमके हेच लहान विमान उदाहरण म्हणून घेतले. त्या चर्चेतले मुद्दे आणि नंतर केलेला अभ्यास या लेखात मांडला आहे.

विमान स्वतः काय सांगते?

विमानासमोर उभे राहून, पाटी न वाचता, काय कळते ते आधी पाहू. नॅटच्या पंखांचा विस्तार साधारण पावणेसात मीटर आहे. त्याचा १९६५ आणि १९७१ मधला प्रतिस्पर्धी म्हणजे पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे सेबर. सेबरच्या पंखांचा विस्तार सव्वाअकरा मीटरच्या पुढे जातो. एवढ्या एका मापावरून पुष्कळ गोष्टी समजतात. लहान विमान आकाशात उशिरा दिसते. वजन कमी असल्यामुळे ते चपळ असते. पण लहान पोटात इंधनही कमीच मावते, म्हणून लढाईत त्याला फार वेळ रेंगाळता येत नाही. हवा आत घेण्याच्या वाटांजवळ दोन तोफांची तोंडे दिसतात. त्या ३० मिलिमीटरच्या तोफा होत्या. त्या ऐन वेळी अडकतात, ही वैमानिकांची तक्रार होती. ही तक्रार मात्र धातूकडे बघून कळत नाही. ती वैमानिकांच्या आठवणींतून कळते.

या विमानाचा आराखडा इंग्लंडच्या टेडी पेटर यांचा. त्याच संग्रहालयातील लायसँडर हे संथ, उंच पंखांचे विमानही त्यांचेच, आणि कॅनबेरा बॉम्बफेकी विमानही. लढाऊ विमाने दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली आहेत, तेव्हा हलके आणि स्वस्त विमान करून पाहावे, असा त्यांचा विचार होता. ब्रिटिश वायुसेनेने नॅट घेतले ते प्रशिक्षणासाठी. लढाऊ विमान म्हणून त्याचा सर्वांत मोठा वापर भारताने केला. बंगळूरच्या कारखान्यात परवान्याखाली ते बनू लागले आणि पुढे त्यात सुधारणा करून ‘अजित’ तयार झाले.

इथपर्यंत दोन्ही गटांचे एकमत होते. मतभेद पुढे सुरू झाले.

३ सप्टेंबर १९६५

नॅटला ‘सेबर स्लेयर’ म्हणजे सेबरचा कर्दनकाळ म्हणतात. या नावाची सुरुवात ३ सप्टेंबर १९६५ या दिवशी झाली. दोन दिवस आधी छांब भागात आपली चार व्हँपायर विमाने पडली होती. म्हणून त्या दिवशी मिस्टेअर विमानांना आमिष म्हणून उंचावरून पुढे पाठवले गेले आणि रडारला दिसू नयेत अशा बेताने नॅट विमाने खालून गेली. सेबर आली आणि झटापट झाली. स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरवर अचूक मारा केला. त्यांना वीरचक्र मिळाले आणि आपल्या नोंदीत हा त्या युद्धातला हवाई लढतीतला पहिला विजय ठरला.

पाकिस्तानच्या नोंदीत वेगळे लिहिले आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फ्लाइट लेफ्टनंट युसूफ अली खान यांचे सेबर जबर जखमी झाले, पण ते तळावर परत उतरले.

आमच्या चर्चेत इथे एक प्रश्न आला: शत्रूचे म्हणणे आपण ऐकायचेच कशाला? प्रश्न रागाने विचारला गेला होता, पण तो महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर पालममधल्याच हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांच्या इतिहासात सापडले. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडवरच्या हवाई लढाईत जर्मनीची १८५ विमाने पाडली, असे ब्रिटनने जाहीर केले. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे पाहिल्यावर खरा आकडा ६० च्या आसपास निघाला. ब्रिटिश वैमानिक खोटे बोलत नव्हते. एकाच विमानावर दोघे-तिघे गोळ्या झाडतात आणि प्रत्येकाला ते आपणच पाडले असे वाटते. धूर सोडत खाली जाणारे विमान ढगाखाली सावरून घरी जाते. ताशी कित्येकशे किलोमीटर वेगात मागे वळून खात्री करायला कोणाला सवड असते? म्हणून दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. शत्रूचे कागद वाचणे म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणे नव्हे.

कराचीतले नॅट

त्याच ३ सप्टेंबरचा दुसरा अर्धा भाग पालममध्ये नाही. तो कराचीत, पाकिस्तानी वायुसेनेच्या संग्रहालयात आहे. तिथे एक भारतीय नॅट युद्धात हाती लागलेली वस्तू म्हणून ठेवले आहे. स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद त्या दिवशी आपल्या साथीदारांपासून वेगळे पडले आणि पसरूर येथील वापरात नसलेल्या पाकिस्तानी धावपट्टीवर उतरले. ते युद्धकैदी झाले.

ते तिथे का उतरले, यावर वाद आहे. पाकिस्तान म्हणतो, आमच्या स्टारफायटर विमानाने त्यांना उतरायला भाग पाडले. आपल्याकडचे म्हणणे असे की इंधन संपत आले होते आणि ती धावपट्टी आपली समजून ते उतरले.

आता साक्षीदार म्हणून विमानालाच विचारून पाहू. ते धडधाकट होते. पुढे पाकिस्तानी वैमानिकाने ते त्या धावपट्टीवरून उडवत नेले. म्हणजे गोळ्या लागून ते पडलेले नव्हते, एवढे नक्की. ते दोन्ही बाजू मान्य करतात. पण वैमानिकाने उतरण्याचा निर्णय कशामुळे घेतला, हे कोणत्याही पत्र्यावर लिहिलेले नसते. वादातला उरलेला भाग माणसाच्या मनातला आहे आणि तिथे विमानाची साक्ष संपते. ‘काय झाले’ याचे उत्तर विमान कधी कधी देते. ‘का झाले’ याचे उत्तर ते देऊ शकत नाही. तिथे पाटी बोलते, आणि पाटी कोणत्या देशात लावली आहे यावर तिचे शब्द अवलंबून असतात.

पक्का पुरावा कसा असतो?

सगळेच असे धूसर असते असे मात्र नाही. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयराच्या आकाशात २२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची चार नॅट आणि पाकिस्तानची सेबर विमाने भिडली. मॅसी, गणपती, लाझारस आणि सोआरेस हे आपले चार वैमानिक. आपला दावा तीन सेबर पाडल्याचा होता. दोन सेबरच्या वैमानिकांनी हवाई छत्रीने उड्या मारल्या आणि ते पकडले गेले. त्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी वायुसेनेचे प्रमुख झाले. वैमानिकच हाती आल्यावर शंकेला जागा राहत नाही, म्हणून दोन सेबर पडली हे दोन्ही देश मानतात. तिसरे सेबर जखमी होऊन परत गेले असे पाकिस्तान सांगतो.

यावरून पुराव्याची एक उतरंड करता येते. हाती आलेला वैमानिक किंवा सापडलेले अवशेष सर्वांत वर. दोन्ही बाजूंच्या जुळणाऱ्या नोंदी त्याखाली. एकाच बाजूची नोंद त्याखाली. आणि ऐकीव गोष्ट सर्वांत शेवटी, मग ती कितीही आवडती असो.

मग शौर्याचे काय?

बाजूने बोलणाऱ्या गटाचा सर्वांत जोरदार मुद्दा हा होता. आकडे असे तपासत बसलो तर वीरांचा मान कमी होणार नाही का?

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचे उदाहरण घेऊ. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर सेबर विमानांनी हल्ला केला. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखों यांनी नॅट उडवले आणि संख्येने कितीतरी जास्त असलेल्या सेबरशी झुंज दिली. त्यात त्यांना वीरमरण आले. परमवीरचक्र मिळवणारे ते वायुसेनेतले एकमेव वीर आहेत. त्यांनी एका सेबरवर मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली, अशी आपली नोंद आहे. आपले एकही सेबर पडले नाही, असे पाकिस्तान म्हणतो.

समजा हा आकडा कधीच ठरला नाही. तरी बॉम्ब पडत असलेल्या धावपट्टीवरून ते उडाले, हे कोणीही नाकारत नाही. आपण त्यांना वंदन करतो ते त्या उड्डाणासाठी. शौर्याला आकड्याच्या काठीचा आधार लागत नाही. उलट आकडा फुगवून सांगितला आणि तो उद्या खोटा ठरला, तर ऐकणारा खऱ्या शौर्यावरही संशय घेऊ लागतो. म्हणून तपासणी ही वीरांच्या बाजूची गोष्ट आहे.

आपल्यासारख्या कॅडेटना याचे आणखी एक कारण आहे. उद्या आपल्यापैकी कोणी अधिकारी झाले, तर मोहिमेनंतरचा अहवाल त्यालाच लिहावा लागेल. शत्रूची चार विमाने पडली असताना आठ लिहिली, तर दुसऱ्या दिवशीची योजना नसलेल्या बळावर आखली जाईल आणि त्याची किंमत आपलेच साथीदार मोजतील. ‘मी पाहिले’, ‘मला वाटते’ आणि ‘मला सांगितले’ या तिन्हींतला फरक शिकायला संग्रहालयासारखी दुसरी शाळा नाही.

पुढच्या सहलीसाठी

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात ‘दिसते ते’: मापे, इंजिन, तोफा, डागडुजीच्या खुणा. रंग मात्र जपून लिहा, कारण प्रदर्शनातल्या विमानाला नंतर नवा रंग दिलेला असू शकतो. दुसऱ्यात ‘पाटीवरचे’ जसेच्या तसे. तिसऱ्यात ‘शोधायचे’: पाटीतल्या कोणत्या वाक्याला दुसरा आधार हवा, ते.

सुट्टीत घरी गेल्यावरही हे करता येते. बंगळूरला एचएएलच्या संग्रहालयात मरुत आहे, गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर आहेत, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर अख्खे टीयू-१४२ उभे आहे. पालकांनी सोबत यावे आणि प्रत्येक विमानापाशी मुलांना एकच प्रश्न विचारावा: हे तुला विमानाने सांगितले की पाटीने?

आमच्या वादविवादाचा निकाल विरुद्ध बाजूने लागला, तोही फक्त दोन मतांनी. माझे मत असे की विमान साक्षीदार खरेच आहे, पण ते विचारले तेवढेच बोलते. नीट विचारणे हे आपले काम.