रानाचे राखणदार

खानदेशाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग पसरली आहे, तर पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर गुजरातच्या डांग मुलखाला जाऊन भिडतात. सातपुड्यात, जळगाव जिल्ह्यात, १९६९ साली यावल अभयारण्य घोषित झाले. त्याची राखण सरकारी वनरक्षक करतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात बारीपाडा नावाचा एक लहानसा आदिवासी पाडा आहे. तेथील रान मात्र गावकरीच राखतात, आणि हे काम त्यांच्यावर कोणी लादलेले नाही.

१९९० च्या सुमारास या पाड्याभोवतीचे डोंगर उघडे पडले होते. पाऊस पडे, पण त्याला अडवावयास ना पाला होता, ना मुळे. पाणी उतारावरून धावत जाई आणि जाताना माती घेऊन जाई. उन्हाळ्यात बायकांची पायपीट ठरलेली. अशा वेळी चैत्राम पवार हा पाड्यातील तरुण, एम. कॉम. पर्यंत शिकूनही, शहराची वाट न धरता गावातच राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची त्याला साथ मिळाली. गाव एकत्र बसले आणि नियम ठरले: उभे झाड तोडू नये, रानात बैलगाडी नेऊ नये, नियम मोडील त्याने दंड भरावा.

बैलगाडीवर एवढा रोष कशासाठी? डोक्यावरची मोळी एका चुलीपुरती असते. गाडीत भरलेले लाकूड बहुधा बाजाराला जाते. नियम करणाऱ्यांना रानाची नाडी कळत होती, हे यावरून दिसते.

नियम करणे सोपे, पाळवणे अवघड. गावकरी आळीपाळीने रानात फिरू लागले. परगावचा माणूस कुऱ्हाड घेऊन आला तर त्याला हटकता येते. पण कुऱ्हाड आपल्याच भाऊबंदाच्या हाती दिसली म्हणजे जीभ अडखळते. राखणदाराची खरी कसोटी वाघापुढे नव्हे, येथे लागते. मात्र नियम साऱ्या गावाने केलेला असल्यामुळे हटकणारा एकटा नसतो.

फाल्गुन-चैत्रात दुसरा शत्रू येतो, तो म्हणजे वणवा. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून डोंगराळ भागात कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतो. वारा सुटला की आग डोंगर चढते. धूर दिसताच धावावे लागते. हिरव्या फांद्यांनी झोडपून ज्वाळा विझवाव्या लागतात. त्या दिवसांत राखणदाराने सावलीत डोळा लावून चालत नाही.

तोडलेल्या सागाचा बुंधा सहसा मरत नाही. त्याला धुमारे फुटतात. त्यांवर पुन्हा कुऱ्हाड पडली नाही आणि ते आगीत होरपळले नाहीत, तर काही वर्षांत तेथे झाड उभे राहते. वृक्षारोपणाचे समारंभ आपण पुष्कळ पाहतो; राखणीचा समारंभ होत नाही. बारीपाड्याने दोन्ही केले, शिवाय उतारावर चर खणून पाणी जिरवले. सुमारे अकराशे एकर रान पुन्हा उभे राहिले आणि विहिरींना पाणी आले. २०२५ साली भारत सरकारने चैत्राम पवारांना ‘पद्मश्री’ जाहीर केली.

२००४ पासून पाड्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. रानात उगवलेला पाला, कोंब, फुले आणि कंद शिजवून बायका मांडतात, आणि पाहुण्यांना एकेका भाजीचे नाव सांगतात.