माहेर द्राक्षाचं, सासर काजूचं

माझं माहेर नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात, सासर गोव्यात सत्तरीला. एका घरी द्राक्षं, दुसऱ्या घरी काजू. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि त्यातली पहिली दहा मी ‘आमच्याकडे असं नसतं’ हे एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणण्यात घालवली. पुढे जे कळत गेलं ते इथे लिहितेय. आकडे टाकलेत ते सोयीसाठी. आयुष्यात सगळं याच क्रमाने आलं असं नाही.

१. परंपरा जुनी असलीच पाहिजे असं नाही, हे मला माहेरीच कळायला हवं होतं. गोव्यात नवी सून म्हणून आले तेव्हा नाशिकच्या वाइनचा बोलबाला नुकता सुरू झाला होता. ‘तुमच्याकडची वाइन’ असं कुणी म्हटलं की मी मान डोलावून बोलायला लागायची, जणू पणजोबा पिंपांवर हात ठेवून वारले. वास्तविक पणजोबांनी त्या जमिनीत बाजरी घेतली. माझ्या लहानपणी बाटली आणि नक्षीदार पेला आम्ही फक्त सिनेमात, खलनायकाच्या हातात पाहिला, आणि तीही व्हिस्की असावी. सुला वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली २००० साली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं २०१० मध्ये. म्हणजे ही परंपरा माझ्या लग्नाच्या वयाची आहे. तरी आता भाच्याला विचारा, तो छातीठोकपणे सांगतो, ‘आमच्याकडे पहिल्यापासूनच.’

२. वेलीला झोप लागत नाही, झोपवावं लागतं. थंड मुलखातली द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून गपगार पडते आणि वसंतात आपोआप जागी होते. आमच्याकडे कसला आलाय तसा हिवाळा! मग माणसाने कात्री घ्यायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे ते एकसारखे फुटतात. दोन छाटण्या आणि पीक एकच, जानेवारी ते मार्चमध्ये काढायचं. युरोपात द्राक्षं उतरतात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तेव्हा आमच्याकडे कात्र्या परजायला घेतलेल्या असतात. हे सगळं मी लहानपणी रोज पाहिलं. ‘छाटणी आहे, शाळेतून लवकर ये’ एवढंच त्याचं महत्त्व. यात काही विशेष आहे हे मला एका परदेशी पाहुण्याने सांगितलं, आणि मी त्याला ‘हो, आमची जुनी पद्धत आहे’ असं सांगून मोकळी झाले.

३. खाण्याचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष ही एका घरातली दोन भावंडं नव्हेत. आमच्या नानांचा, म्हणजे वडिलांचा, जन्म थॉमसन द्राक्षात गेला. घडांची विरळणी करायची, जीए या संजीवकात बुडवायचे, मणी कसा टपोरा आणि लांब झाला पाहिजे! मग दादाने एका वाइनरीशी करार करून शिराझ लावलं. घड लहान, मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत बिया. नानांनी एक मणी तोंडात टाकला, बिया तळहातावर काढून बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं, ‘ही खायची कुणी?’ दादाने त्यांना समजावलं की रंग आणि चव सालीत असते, मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते. नानांना पटलं नाही. पुढे २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी पडली आणि वाइनरीने पैसे थकवले. वर्षभर हेलपाटे घालून दादाने ती बाग तोडली. नाना बांधावर उभे होते. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांचं आवडतं आहे, पण त्या दिवशी ते बोलले नाहीत. या मातीचा गुण त्या पेल्यात कसा उतरतो यावरचे लेख मी अजून आवडीने वाचते. वाचताना मध्येच तो बांध दिसतो, एवढंच.

४. उपासाचं ताट हे आपल्या घरातलं सगळ्यात परदेशी ताट आहे. नाना माळकरी. वाइनच्या द्राक्षाला पाणी घातलं, वाइन कधी जिभेवर घेतली नाही. एकादशीला खिचडी. एकदा मी शहाणपणाने त्यांना सांगितलं की साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटाही तिथलाच, मिरचीही अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीज जहाजांतून आलेली. आणि हजारो वर्षं आपल्या देशात असलेला कांदा मात्र त्या दिवशी चालत नाही! मला वाटलं, नाना विचारात पडतील. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. ‘एवढ्या लांबून आलंय, तर टाकू नकोस.’

५. ‘मूळ कुठलं?’ हा प्रश्न ज्याला काम नाही त्याला पडतो. काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला. फेणी त्याआधीही होती, पण माडाची. हे सगळं पाठ करून मी एका एप्रिलमध्ये घरामागच्या डोंगरावरच्या भट्टीवर वही घेऊन गेले. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेला वेचतात. बायका वाकून वेचत होत्या आणि मनगटाच्या एका पिळात बी वेगळी करून डब्यात टाकत होत्या. मी प्रयत्न केला तर निम्मा बोंडू बीलाच चिकटून आला आणि रस कोपरापर्यंत ओघळला. त्याचे डाग त्या कुडत्यावर अजून आहेत. कातळात खोदलेल्या कोळंबीत बोंडू पायांनी तुडवतात. चोथ्यावर दगड ठेवला की शेवटी निथळतो तो नीरो, गोड आणि घशाला किंचित आवळणारा. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, खमीर वगैरे घालत नाहीत. मग तांब्याच्या भाणात उकळायचा. वाफ नळीतून लावणीत येते, लावणी म्हणजे गार पाण्यात बसवलेलं मडकं. पहिल्या धारेला हुर्राक म्हणतात. ती आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवली की फेणी. नाव फेसावरून पडलं म्हणतात. भट्टीवरची म्हातारी नारळाच्या करवंटीत धार उंचावरून सोडायची आणि बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहून लाकडं मागे ओढायची.

तिला मी विचारलं, ही पद्धत किती वर्षांची? ती म्हणाली, ‘कितें बरयता गो?’ म्हणजे, काय लिहितेस? मी वही पुढे केली. तिने पान उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, लिहायचंच असेल तर लाकडं किती लागतात ते लिही, बोंडू वेचायला हल्ली माणूस मिळत नाही ते लिही, काजूच्या लिलावाचं लिही. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या कानावर होतं. ‘मिळालं ना? बरं झालं,’ असं ती ज्या सुरात म्हणाली त्याच सुरात आमच्या घरी दूरच्या नातेवाइकाच्या मुलाच्या नोकरीची बातमी ऐकतात.

परतताना मला आठवलं, इथून थोड्या अंतरावर, महाराष्ट्राच्या हद्दीत दोडामार्गच्या बाजूला, हाच बोंडू याच महिन्यात असाच पडतो. तिथे बी उचलतात आणि बोंडू बहुतेक बागेतच कुजतो. झाड तेच आहे. कायद्याचं पुस्तक वेगळं.

६. माझ्या नाकाची मिजास फार दिवस टिकली नाही. वाइन हुंगून ‘लिंबू, ओलं गवत’ म्हणणारी मी, फेणीचा पहिला वास आल्यावर पदर नाकाला लावून बाहेर गेले. मांय, म्हणजे सासूबाई, काही बोलल्या नाहीत. पुढे माझ्या धाकट्या लेकीला सर्दी झाली तेव्हा त्यांनी चमचाभर फेणी कोमट करून तिच्या छातीला चोळली. आता तो वास आला की मला आजारी बाळ आठवतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटतं.

७. विंदालूत बटाटा नसतो. मूळ पोर्तुगीज नावात वाइन आणि लसूण आहे. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. मी शेजारच्या ख्रिस्ती बाईंना चारचौघांत विचारलं होतं, ‘आलू कुठे गेला?’ यावर अधिक लिहीत नाही.

८. काही गोष्टी राखून ठेवायच्या नसतात. त्या भट्टीवरून मी हुर्राक आणली होती, जुन्या व्हिस्कीच्या बाटलीत, लेबलासकट. सगळे ती तेव्हाच लिमका, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. मी म्हटलं, दादा भाऊबीजेला येईल, त्याला देऊ. तुमची वाइन मुरते तर आमची का नाही? (‘आमची’ हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच आलं, ते असं.) भाऊबीजेला बूच काढलं तर ओल्या गोणपाटाचा वास. दादाने एक घोट घेतला, ‘छान आहे’ म्हणाला आणि अंगणात फेरी मारायला गेला, पेला घेऊन. येताना पेला रिकामा होता. तुळशीला मात्र काही झालं नाही. म्हातारीला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. ‘हुर्राक दवरपाची न्हय गो, पियेवपाची!’

ती बाटली मांयनी धुऊन उन्हात ठेवली आणि मे महिन्यात तिच्यात कोकमाचं आगळ भरलं. या सगळ्या यादीत अस्सल इथल्या सह्याद्रीचं असं ते एकच फळ, आणि त्याच्याबद्दल मला अजून कुणी काही विचारलेलं नाही. नाना त्या वर्षी राहायला आले होते. जेवताना त्यांनी दोन वाट्या सोलकढी घेतली. तिसरी वाढायला मी फळीवरून बाटली काढली तेव्हा त्यांची नजर लेबलावर गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांयकडे पाहिलं, गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली आणि वाटी पुढे केली.