लोणारची सहल आणि निचऱ्याचा पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल व सामान्य विज्ञान)

डाळजच्या मुलांस जलाशय नवा नाही. भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा परिसरात पसरला असून हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची सहल काढावयाची, तर केवळ मोठे पाणी दाखविणे हा हेतू नसावा. मुलांपुढे एकच प्रश्न ठेवावा : उजनीचे पाणी गोडे, मग लोणारचे खारे का?

पूर्वतयारी : मिठाचे पाणी बशीत घालून उन्हात ठेवावे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. दुसरे असे की, हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा. त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब पडताच कागद तांबडा होतो. लिंबाच्या रसाने होत नाही. यावरून अल्कधर्मी पाण्याची ओळख पटते.

स्थळदर्शन : काळ्या पाषाणावर उल्का आदळून हे विवर झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरील धारेचे पाणी गोडे आहे. तळातील पाणी मात्र तीव्र अल्कधर्मी. येथे हळदीच्या कागदाची परीक्षा वन कर्मचाऱ्यांच्या संमतीने काठावरच घ्यावी. पाणी आत येते, परंतु ओढ्यानदीच्या रूपाने बाहेर जात नाही. ते केवळ वाफ होऊन उडते व क्षार साठत जातात. अशा पाण्यातही सूक्ष्म जीव वाढतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे. त्याच वर्षी सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भोवतालच्या वनात मोर व वानरे दिसतात. त्यांस खाऊ घालू नये. दगडही उचलून आणू नयेत.

परतल्यावर : बारामती-इंदापूरच्या कालव्याखालील खारवट, चोपण जमीन मुलांस दाखवावी. अतिपाणी दिलेल्या व निचरा नसलेल्या शेतात पाणी उडते, क्षार वर येतात आणि पांढरा थर धरतो. बशीत, सरोवरात व शेतात कारण एकच आहे, हे मुलांनी स्वतः ओळखावे.

लोणारचे विवर निसर्गाने घडविले. तेथील खारेपणा हे त्याचे वैभव आहे. शेतातील खारेपणा मात्र मनुष्याच्या हातून घडतो, आणि चर खणून व पाणी बेताने देऊन तो आवरता येतो. उद्याच्या शेतकऱ्यास हे शाळेतच उमगले, तर लांबच्या प्रवासाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.