मागचे पाय गेल्यावर

पाळलेल्या सरड्याच्या कण्याला मार बसून मागचे पाय लुळे पडले, की सगळ्यांचं लक्ष पायांकडे जातं. मालिश करावी का, चाकांची छोटी गाडी बांधावी का, असंच सगळे विचारतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी उष्णतेकडे बघा. सरडा स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाही. तो उन्हात जाऊन तापतो आणि पुरे झालं की सावलीत सरकतो. पाय गेले की हे सरकणं जातं, आणि मग त्याचं पचन, भूक, जखम भरून येणं, सगळंच अडतं.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. आमचा बंडू बिअर्डेड ड्रॅगन आहे, मूळ मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. आमच्याकडे आला तो अधू होऊनच; आधीच्या घरी खांद्यावरून फरशीवर पडला होता. त्याच्या पायांपेक्षा पोटावरचा भाजल्याचा चट्टा मला बघवेना. पेटीखाली गरम होणारी चटई अंथरलेली होती. त्याला चटका जाणवत नव्हता, आणि जाणवला असता तरी बाजूला होता आलं नसतं.

म्हणून अधू सरड्याला ऊब वरूनच द्या, दिव्याची, आणि तीही थर्मोस्टॅट लावून. धडधाकट बिअर्डेड ड्रॅगनला दिव्याखाली 38 ते 42 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25च्या आसपास तापमान लागतं. तो जागा निवडू शकत नसेल, तर ती निवड तुम्ही करायची. सकाळी अंग काळपट दिसलं तर तो ऊब मागतोय, दिव्याखाली ठेवा. तोंड उघडून बसला की पुरेसा तापला. सावलीत उचलून ठेवा. घरी दिवसभर कुणी नसेल तर दिवा बेताचाच ठेवा. शेजारी यूव्हीबी नळी हवी. तिच्याशिवाय ड-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि हाडं ठिसूळ झाली की साध्या धक्क्यानेही कणा मोडतो. नळी पेटत असली तरी तिचे किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून उत्पादक सांगेल त्या मुदतीत बदला.

पडल्यावर लगेच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, एक्स-रे काढून घ्या. माणसांची वेदनाशामकं अजिबात देऊ नका. कण्याच्या दुखापतीत बरेचदा शी अडकते, आणि जिवावर बेततं ते यानेच. बंडूला आम्ही कोमट, साधारण 30 अंशांच्या उथळ पाण्यात, हनुवटीखाली हात धरून बसवतो. एकटं कधीच सोडत नाही. पोट कसं चोळायचं ते डॉक्टरांनी दाखवल्यावरच करा.

पेटीत वाळू नको. कागदी टॉवेल घाला आणि ओला झाला की बदला, नाहीतर पोटाखालची कातडी सोलवटते. कात टाकताना बोटांवर, शेपटीवर तिचे कडे अडकतात आणि रक्त थांबतं, तेही बघत जा. रातकिडे पेटीत मोकळे सोडू नका. पळू न शकणाऱ्या सरड्याला ते कुरतडतात. चिमट्याने एकेक भरवा. मोहरीची पानं, लाल भोपळा चालतो. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. अव्होकॅडो विषारी आहे. सिरिंजने भरवायची वेळ आली तर डोकं वर आणि अगदी थेंब थेंब, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. दर आठवड्याला वजन करा. हात साबणाने धुवा, आंघोळ स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो, आणि 5 वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका जास्त.

हे वाचून महाराष्ट्रात कुणी जखमी घोरपड घरी आणू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. परदेशी सरडा पाळत असाल तर 2022च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियमही बघा.

एक अवघड गोष्ट राहिली. मागचे पाय गेलेला सरडा खात असेल, डोळे टक्क उघडून बघत असेल, तर त्याला जगू द्या. अशा सरड्यांना नीट जगता येतं. खाणं सुटलं, वजन उतरत चाललं, जखमा भरेनात, तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला. सरडा थंड रक्ताचा म्हणून फ्रीजरमध्ये ठेवला की शांतपणे जातो, असं अजूनही सांगितलं जातं. ते खोटं आहे, त्यात त्याला यातना होतात. दवाखान्यात भूल देऊनच त्याला सोडवा.